कोमट लाकूड

१

साडेदहाच्या फेरीला मी पाहुण्यांना आधी दम घेऊ देते. चार हजार मीटर उंचीवरच्या पोतोसीत पोचल्यावर सखल भागातली माणसं चार पायऱ्या चढली तरी हाशहुश करतात, आणि आमच्या टाकसाळीत, म्हणजे आता संग्रहालयात, पायऱ्याच पायऱ्या. अंगणात उभं करून मी त्यांना सांगते, "घाई करू नका. ही इमारत अडीचशे वर्षं इथेच आहे, तुम्ही खोलीत शिरेपर्यंत पळून जाणार नाही." लोक हसतात. एकोणीस वर्षं हसताहेत.

मग आम्ही निघतो. पुढे मी, मागे म्हातारे पहारेकरी बेनिग्नो; सगळे त्यांना 'दोन बेनिग्नो' म्हणतात, 'दोन' म्हणजे आमच्याकडचं 'राव', बाईला 'दोन्या'. त्यांच्याकडे किल्ल्यांचा जुडगा. ते एक दार उघडतात, मी माणसं आत घेते, शेवटचा माणूस आत आला की दोन बेनिग्नो दार ओढून कुलूप घालतात. मागची खोली बंद झाल्याशिवाय पुढची उघडायची नाही, असा इथला नियम. भट्टीची काळी पडलेली खोली, नाण्यांची खोली, आणि मग मोठी खोली. तिथे स्पेनहून जहाजात आणि खेचरांच्या पाठीवर सुटे करून आणलेली लाकडी यंत्रं आहेत, तीन. माणसापेक्षा उंच दातेरी चाकं. चांदीचे ठोकळे या चाकांमधून दाबून पातळ पट्ट्या करायचे आणि त्या पट्ट्यांतून नाणी कापायचे. चाकं फिरवायला खालच्या मजल्यावर खेचरं जुंपलेली असत. गोल गोल, दिवसभर.

"गोल फिरून फिरून त्यांच्या नालांची उजवी बाजूच तेवढी झिजायची," मी सांगते. "नालवाल्याचं अर्धं काम वाचायचं, पैसे मात्र पूर्ण घ्यायचा." इथेही लोक हसतात. मग मी म्हणते, "मधल्या चाकाला हात लावून बघा. दीडशे वर्षांपूर्वी वाफेचं यंत्र आलं तेव्हा हे थांबलं. गार लागतंय ना? या गावात गार नसलेलं काही सापडलं तर मला येऊन सांगा."

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी कोचाबांबाच्या एका जाड्या मास्तरांनी हात लावला आणि तसाच ठेवला.

"दोन्या तोमासा," ते म्हणाले, "हे तर कोमट आहे."

"तुमचा हात कोमट असेल, मास्तर. कोचाबांबाची माणसं खाऊनपिऊन असतात."

सगळे हसले. मास्तरही हसले. बघायला काही जात नाही, म्हणून मीही चाकावर हात टेकवला. लाकूड कोमट होतं. गाभण जनावराच्या पोटावर हात ठेवल्यावर लागतं तसं.

२

मी काही भोळी बाई नाही. गाईड आहे. भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला आलेल्या पाहुण्यांना मीच त्या फोडणी देऊन ऐकवते, त्यामुळे त्या कुठल्या डाळीच्या असतात ते मला ठाऊक आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी, नऊ वाजता, मी दोन बेनिग्नोंना ती खोली उघडायला लावली. कुणाचा हात अजून लागलेला नव्हता. खिडक्यांच्या लाकडी फळ्या बंद होत्या, म्हणजे उन्हाचा प्रश्न नाही. डावीकडच्या चाकाला हात लावला, दगडासारखं गार. उजवीकडचं तसंच. मधलं कोमट.

एकदा वाटलं, भिंतीपलीकडून गरम पाण्याची नळी गेली असेल. पण या इमारतीत गरम पाणी आहे कुठे? आम्ही चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणतो.

"तुम्हीही लावून बघा हात," मी दोन बेनिग्नोंना म्हणाले.

दोन बेनिग्नो सत्तरीचे. इथे त्यांची बेचाळीस वर्षं झाली. ते उंबऱ्याबाहेरच उभे होते.

"या खोलीत मी हात खिशात ठेवतो, दोन्या," ते म्हणाले.

"का?"

"थंडी असते म्हणून."

"अहो, मी तेच तर सांगतेय, थंडी नाहीये."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि किल्ल्या वाजवत पुढच्या दाराकडे गेले. त्या दिवसापासून ती खोली उघडण्याआधी ते खिशातली छोटी बाटली काढून उंबऱ्यावर दारूचे दोन थेंब सांडायला लागले. तसं धरणीचा वाटा म्हणून इथे सगळेच सांडतात, नवी गाडी घेतली तरी सांडतात. पण माझ्या एकोणीस वर्षांत ते या दाराशी सांडताना मी पाहिलं नव्हतं.

३

आता घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझा नवरा फाउस्तिनो डोंगरात, खाणीत कामाला होता. त्या ऑक्टोबरच्या अडीच वर्षं आधी, मार्चमध्ये, त्याच्या टोळीवर दरड कोसळली. नऊ माणसं बाहेर काढली, सगळी मेलेली. टोळीच्या यादीत दहा नावं होती आणि दहावं त्याचं होतं. तो सापडला नाही. अकराव्या दिवशी खणणं थांबलं.

पण मला एक गोष्ट माहीत होती. आदल्या रात्री आमचं भांडण झालं होतं. त्याला आर्जेन्टिनात जायचं होतं, उसाच्या मळ्यावर, आणि मी म्हणाले होते, "जा, आणि परत तोंड दाखवू नकोस." सकाळी मी उठायच्या आत तो गेला. संध्याकाळी दरडीची बातमी आली तेव्हा मी आधी खाटेखाली पाहिलं. त्याचे रविवारचे तपकिरी बूट तिथे नव्हते.

खाणीत कुणी रविवारचे बूट घालून जातं का? खाणीचे त्याचे रबरी बूट वर खाणीच्या तोंडाशी खोपटात असायचे, आणि ते खोपट दरडीखाली गेलं होतं. म्हणजे तो खाणीत गेलाच नव्हता. मला सोडून गेला होता. लोकांना वाटायचं दुःखाने हिचं डोकं फिरलंय. मला सोडून गेलेला नवरा चालणार होता, मेलेला नको होता. एवढाच माझा हिशेब.

माझी सासू सातुर्नीना माझ्याच घरात राहते. तिच्या मते तिचा मुलगा डोंगराखाली होता. आमच्याकडे एक नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता मेलेली माणसं घरी जेवायला येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. नव्या मेलेल्याचं ताट तीन वर्षं मांडायचं असतं. काळं कापड, पावाची शिडी, पावाचाच माणूस करून त्याला मातीचा चेहरा, आणि त्याच्या आवडीचं जेवण. लग्न झालेला असेल तर ताट बायकोने मांडायचं आणि नाव बायकोने घ्यायचं. आईने मांडलेलं त्याला लागत नाही.

दोन वर्षं मी मांडलं नाही.

"हे तिसरं वर्ष," त्या आठवड्यात सासू म्हणाली. ती पीठ मळत होती. "यंदा नाही मांडलंस तर संपलं. मग तो कुणाच्या दारात जाईल?"

"आई, तो जिवंत आहे."

"जिवंत असता तर तीन वर्षांत एक फोन केला नसता?"

"तुमचा मुलगा आहे. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही."

"पीळ तुझा बघ आधी," ती म्हणाली. मग मळणं थांबवून शांतपणे बोलली, "ज्याचं ताट घरी मांडत नाहीत, तो उपाशी राहतो, तोमासा. आणि उपाशी माणूस मिळेल तिथे राबतो. मग काम देणारा कोण आहे ते बघत नाही."

 माझे हात आपोआप शालीला पुसले गेले, कारण दिवसभर त्यांना त्या लाकडाची ऊब लागून राहिली होती.

४

ऑक्टोबर संपत आला तशी ऊब वाढली. पाहुण्यांना मी आता हात लावायला सांगत नव्हते. सांगायचे, "जुनं लाकूड आहे, लांबूनच बघा." वासही यायला लागला. ओल्या घोंगडीचा आणि घामाचा. एका फ्रेंच बाईने नाकाला रुमाल लावला आणि मला विचारलं, इथे जनावरं ठेवता का? मी म्हटलं, पाहुणे कोण आहेत त्यावर अवलंबून आहे. ती हसली नाही.

शेवटी तीस तारखेला मी दोन बेनिग्नोंच्या मागे लागून खालचा मजला उघडून घेतला. तिथे पाहुण्यांना नेत नाहीत, छत बसकं आहे. भर दुपार होती, तरी टॉर्च लागला.

खाली मधोमध जाड उभा खांब आहे. तो छतातल्या भोकातून वर चाकापर्यंत जातो. खांबाला आडवा दांडा, त्याला खेचरं जुंपायची. खांबाभोवती दगडी जमीन गोल झिजून पन्हळीसारखी झाली आहे. त्या पन्हळीत बोटभर धूळ होती. धुळीवर खुराचा नाही, बुटाचा नाही, उंदराचासुद्धा ठसा नव्हता.

"बघा," मी म्हणाले. माझाच आवाज मला फार मोठा वाटला. "काही नाही."

"काही नाही," दोन बेनिग्नो म्हणाले. "चला वर."

मी टॉर्च दांड्यावर धरला. आख्खा दांडा धुळीने करडा होता. फक्त टोकाजवळ, माझ्या छातीच्या उंचीवर, दोन ठिकाणी लाकूड स्वच्छ होतं आणि चकचकीत. दोन तळव्यांएवढ्या जागा, एकमेकींपासून खांद्याइतक्या अंतरावर. त्या ओलसर होत्या.

"खेचर काही हाताने ढकलत नाही, दोन बेनिग्नो."

"खेचरं इथे फार जगायची नाहीत, दोन्या. उंची सोसायची नाही त्यांना." त्यांनी माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि तो जिन्याकडे वळवला. "नवी येईपर्यंत काम तर थांबवता येत नव्हतं."

"मग कोण ढकलायचं?"

"ज्यांचं विचारायला कुणी येत नसे ते," ते म्हणाले. "वर चला आता. तुमच्यापेक्षा मी म्हातारा आहे, जरा ऐकावं."

जिना चढताना माझ्या मागे, खाली, लाकूड एकदा कुरकुरलं. जुनं लाकूड कुरकुरतंच. मी स्वतःला हेच सांगितलं, आणि मला ते अजिबात पटलं नाही.

५

एक नोव्हेंबरला टाकसाळ दुपारपर्यंतच उघडी असते. शेवटच्या फेरीला ओरुरोचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको, बायकोची बहीण. त्यांनाही घाई होती, फेरी संपली की लगेच वारलेल्या मावशीच्या घरी पोचायचं होतं, तिचं ताट पहिल्या वर्षाचं होतं. मी घरून निघाले तेव्हा सासू टेबलाला काळं कापड लावून, पाव ओळीने मांडून बसली होती. मधली जागा तिने मोकळी ठेवली होती. माझ्याकडे पाहिलंही नाही तिने.

मोठ्या खोलीत शिरलो तेव्हा बाराला पाच कमी होते. मी पाठ असलेलं भराभर बोलत होते. नालांच्या विनोदाशी आले आणि गिरजाघराची घंटा वाजायला लागली.

घंटेचे ठोके संपले तरी आवाज थांबला नाही. एक, मग जरा वेळाने दुसरा. मऊ, जड. दगडावर पाऊल ओढत टाकल्याचा. आणि प्रत्येक पावलाबरोबर मधलं मोठं चाक केसभर हलत होतं. नीट पाहिलं नाही तर कळणार नाही इतकंच.

"खाली अजून खेचरं ठेवता तुम्ही?" बायकोची बहीण म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं होतं.

 मी गुडघ्यांवर बसले. खांब जिथून वर येतो तिथे फळ्यांमध्ये वीतभर फट आहे. मी फोनचा दिवा लावला आणि फटीला डोळा लावला.

आधी फक्त झिजलेला दगड दिसला. मग उजेडाच्या गोलात एक बूट आला. काळा रबरी, चिखलाने माखलेला. टाच उचलली गेली, पाऊल पुढे पडलं. मग दुसरा बूट, डावा. त्याच्या घोट्यावर सायकलच्या लाल ट्यूबचं त्रिकोणी ठिगळ होतं.

तसं ठिगळ फाउस्तिनोच्या डाव्या बुटाला मी स्वतः लावलं होतं.

पावलं गोलातून निघून गेली. ती फिरून परत यायची वाट मी पाहिली नाही.

पोतोसीत प्रत्येक तिसऱ्या खाणकामगाराच्या बुटाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ असतं. लाल ट्यूब सगळ्यात स्वस्त मिळते. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पण त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की मी दोन वर्षं माझ्या नवऱ्याला उपाशी ठेवलं आणि तो माझ्याच पायाखाली राबत होता.

६

पाहुण्यांना दोन बेनिग्नोंच्या हवाली करून मी धावत सुटले. या उंचीवर कुणी धावत नाही. गावाच्या पार टोकाला घरी पोचले तेव्हा छाती फुटायची बाकी होती आणि एक वाजला होता.

सासूने माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता उठून ताट माझ्या हातात दिलं.

मी मांडलं. शेंगदाण्याचं सूप, त्याला आवडायचं तसं वर बटाट्याच्या काड्या घालून. तिखट चटणी. कोकाची पानं. सिगारेटचं पाकीट, त्यातली एक पेटवून. सासूने भाजलेला पावाचा माणूस मध्ये ठेवला. त्याच्या मातीच्या चेहऱ्याला तिने फाउस्तिनोसारख्या जोडलेल्या भुवया काढल्या होत्या. आधीची दोन्ही वर्षं ती तो माणूस भाजत होती आणि माझ्यापासून लपवून कोंबड्यांना घालत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"नाव घे," सासू म्हणाली. "मोठ्याने घे. त्याला ऐकू गेलं पाहिजे."

"फाउस्तिनो," मी म्हणाले. "ये. जेवायला ये. रागावू नकोस, ये."

तीन वर्षांत मी पहिल्यांदा रडले. सासूने माझ्या पाठीवर हात फिरवला. आमच्या बावीस वर्षांच्या संसारात तिने असा हात फिरवला नव्हता. खिडकीतून एक माशी आत आली आणि सुपाच्या काठावर बसली. सासूने तिला हाकललं नाही. "आला," ती म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच टेबलाशी बसल्या बसल्या झोपले.

दुसऱ्या दिवशी बाराला आम्ही त्याला निरोप दिला. शेजारीपाजारी आले, प्रार्थना म्हणून पाव घेऊन गेले. पावाची शिडी आम्ही तोडून वाटली, म्हणजे तो वर गेला. आता तो सुटला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

७

तीन तारखेला सकाळी मी टाकसाळीत निघत होते. फोन वाजला. नंबर परदेशातला होता.

"तोमासाबाई का? मी आर्जेन्टिनातून, हुहुयहून बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही. माझी इथे मळ्याजवळ खाणावळ आहे. फाउस्तिनो माझ्याकडे जेवायचा."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुमचा नंबर त्याच्या पाकिटात होता," ती बाई म्हणाली. "फोन करा म्हणून मी किती वेळा सांगितलं. म्हणायचा, तोंड दाखवू नको म्हणालीय. नाताळात मात्र जाणार होता. तिकिटाचं बोलून ठेवलं होतं. बाई, तुम्ही बसलात का? बसा जरा."

मी खाटेवर बसले.

"चांगला धडधाकट होता. परवा, एक तारखेला, जेवायला बसला. दोन वाजले असतील. आणि चमचा खाली ठेवला. मी म्हटलं, काय झालं, खारट झालंय का? म्हणाला, नाही, मला कुणीतरी जेवायला बोलावतंय. मी म्हटलं, अरे मग जेवतोयस ना. तर म्हणाला, इथलं नाही. उठून खोलीत जाऊन आडवा झाला. डॉक्टर आणला. काल दुपारी एकला गेला."

आमच्याकडे एक वाजतो तेव्हा त्यांच्याकडे दोन वाजतात. आमच्या बाराला त्यांचा एक.

"तुम्ही ऐकताय ना, बाई?"

"ऐकतेय," मी म्हणाले.

"तिकडून कुणी येणार आहे का? नाहीतर इथेच पुरावं लागेल. गरम आहे फार. त्याचं सामान मी पाठवते. तसं आहे काय म्हणा, एक शर्टाची पिशवी आणि बूट. तपकिरी. फार जपायचा ते. मळ्यावर कधी घातले नाहीत त्याने."

सासू दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, नाहीतर माझा चेहरा वाचला असेल. तिने टेबलावरून काळं कापड काढलं, त्याच्या चौपट घड्या केल्या, आणि ते पोटाशी धरून अंगणात कोंबड्यांपाशी जाऊन बसली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी टाकसाळीत गेले, कारण घरात बसणं शक्य नव्हतं. मोठ्या खोलीत जाऊन मी मधल्या चाकावर हात ठेवला.

लाकूड कोमट नव्हतं. चांगलं गरम होतं.

८

मी त्याला मारलं असं मी म्हणत नाही. मी ताट मांडलं, नाव घेतलं आणि ये म्हणाले. फटीतून मला जे दाखवलं गेलं ते कुणी दाखवलं, याचा विचार करायचं मी सोडून दिलं आहे. दोन बेनिग्नोंना मी एकदाच विचारलं. ते किल्ल्या चाळायला लागले. मग म्हणाले, "दोन्या, खालच्यांना तुमचा माणूस ठाऊक नव्हता. फक्त ठिगळ ठाऊक होतं." एवढं बोलून ते नाण्यांच्या खोलीचं दार उघडायला गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली.

त्याला तिकडेच पुरलं; पार्सल डिसेंबरात आलं. बूट स्वच्छ पुसलेले होते, आत वर्तमानपत्र कोंबलेलं. त्या बाईने नाड्यासुद्धा नव्या घातल्या होत्या.

मी ते खाटेखाली ठेवले, त्यांच्या जागी. चार दिवस ठेवले. पाचव्या दिवशी, दुपारच्या फेरीनंतर, पाहुणे पुढच्या खोलीत गेल्यावर मी पुन्हा फटीला डोळा लावला. लावणार नव्हते, पण लावला. फोनच्या उजेडात आधी दगड दिसला. मग एक पाऊल आलं. त्यावर बूट नव्हता, काही नव्हतं. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, टाचेला भेगा. लग्नाच्या आधी त्याच्या अंगठ्यावर पहार पडली होती, तेव्हापासून ते नख तसंच होतं. या खेपेला ठिगळ नव्हतं आणि शंकेला जागा नव्हती. पाऊल दगडावर पडलं तेव्हा ओल राहिली.

खालचा मजला किती गार असतो ते मला माहीत आहे. मी तिथे उभी राहिले आहे.

त्या संध्याकाळी मी बूट पिशवीत घालून नेले. दोन बेनिग्नोंच्या जागी आलेला माणूस अजून नवीन आहे, किल्ली मागितली की देतो. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बूट ठेवले, नाड्या सोडून, त्याला घालायला सोपे जावेत म्हणून. बावीस वर्षांत मी कधी त्याला कामावर काही नेऊन दिलं नव्हतं. डबासुद्धा नाही. तो म्हणायचा, टाकसाळीतली बाई डोंगरावर कशाला येईल.

आता दर सोमवारी मी ते घेऊन येते आणि मंगळवारी परत ठेवते. गेल्या आठवड्यात बाजारातल्या बूट शिवणाऱ्याकडे नेले. त्याने ते उलटे करून गुडघ्यावर ठेवले आणि चष्मा वर सरकवला.

"दोन्या, रागावू नका," तो म्हणाला, "तीन महिन्यांत तिसऱ्यांदा तळ बसवतोय मी यांना. साहेब चालतात तरी कुठे एवढे? आणि हे बघा, दोन्ही बुटांची उजवी बाजूच तेवढी झिजलीय. डावी कोरी आहे."

"टाकसाळीत आहे कामाला," मी म्हणाले. "उजवीकडे जाड टायरचा तुकडा लावा. आणि लवकर करा, मला साडेदहाची फेरी आहे."